तीन खणांत उणे एक

त्या शनिवारी सकाळी रोहिदास डबा पिशवीत ठेवत होते. त्यांची मुलगी अपेक्षा फोनवर पिंपळे सौदागरच्या नव्या शेजारणीला सांगत होती, "बाबा ना? चाकणला, मॅनेजमेंटमध्ये आहेत."

रोहिदासांनी बुटाची नाडी बांधली. "येतो गं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी साडेपाचला कारखान्याच्या स्टोअरमधला रॅक त्यांच्या अंगावर कोसळला. ते जागीच गेले.

दहा दिवसांनी अपेक्षा भोसरीत सुमनताई जगदाळेंच्या कचेरीत बसली होती. सुमनताईंनी वीस वर्षं कारखान्यांची स्टोअर्स तपासली होती. आता त्या खासगी तपास करत. सोबतीला निवृत्त हवालदार नवनाथ.

"कंपनी म्हणते, चूक बाबांचीच. वरच्या कप्प्याला पाचशे किलोची मर्यादा. त्यावर नऊशे किलोचे गिअर चढवल्याची नोंद बाबांच्या लॉगिनने झालीय. बाबा असं करणार नाहीत."

"काय काम करायचे ते?"

"स्टॉकचं... बघायचे." अपेक्षाने नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी तिघं चाकणला गेले. स्टोअरच्या कॉम्प्युटरवर करिष्मा होती. तिने अहवाल उघडला: कुठल्या खणात किती नग. आकडे सरकू लागले. १९९, १७९, ५९, ३९.

"रोहिदासकाकांचा आकडा कधी गोल नसायचाच," ती म्हणाली. "प्रत्येक खणातला एक नग काढून 'नमुना' म्हणून वेगळा दाखवायचे. मी चिडवायचे, काका, शंभर लिहिलं तर हात मोडेल का?"

अपघाताच्या रॅकची पानं लाल होती. वरचा कप्पा: २००, २००, २००. तळाचे तीन खण: उणे एक, उणे एक, उणे एक.

"तीन नग गायब! चोरीच ही," नवनाथ म्हणाले.

"नाही हो," करिष्मा म्हणाली. "खणात असतात त्याहून जास्त नग काढल्याची नोंद केली की उणे येतं. सॉफ्टवेअर अडवत नाही, नुसतं लाल होतं. नोंदीची वेळही दाखवत नाही, फक्त तारीख."

"रोहिदासांचा पासवर्ड कुणाला माहीत होता?" सुमनताईंनी विचारलं.

"सगळ्यांना. कपाटाच्या दारावर खडूने लिहिलाय."

फोर्कलिफ्ट चालवणारा गणराज बाहेर उभा होता.

"माल मीच चढवला. काकांनी सांगितलं हुतं." त्याची नजर चाकावर होती. "मला आकडं वाचता येत न्हाईत, ताई. कॉम्प्युटरला तर हात बी लावत न्हाई. काका खणाफुडं एक नग टांगायचे, त्यो बघून माल काढायचो."

तळाच्या रिकाम्या खणांपुढे तारेला तीन गिअर अजून लटकत होते.

व्यवस्थापक शेखर यांनी चहा मागवला. "चांगला माणूस होता, पण हट्टी. सोमवारी ग्राहक कंपनीची पाहणी. खालची वाट मोकळी हवी होती, म्हणून परस्पर चढवला असेल माल."

"किती माल होता?"

"बॉक्समध्ये वीस, खणात दहा बॉक्स. दोनशे. तीन खणांचे सहाशे. साधा हिशेब आहे, राव."

"साधाच," सुमनताई म्हणाल्या. चहा त्यांनी घेतला नाही.

दोन दिवसांनी कारखाना निरीक्षकांसमोर सगळे जमले.

"खणात दोनशे नव्हते," सुमनताईंनी सुरुवात केली. "एकशेनव्व्याण्णव होते. एक तारेवर. ही सवय रोहिदासांचीच, त्यामुळे ही नोंद त्यांची नाही. करिष्मा स्क्रीनवरचा आकडा उतरवते. तिनेही १९९च लिहिलं असतं. गणराज कॉम्प्युटरला हात लावत नाही. नोंद करणाऱ्याने ना खण पाहिला, ना स्क्रीनवरचा आकडा. त्याने डोक्यात बॉक्स मोजले. वीस गुणिले दहा. शेखरसाहेब, हा गुणाकार तुम्ही मला तोंडपाठ म्हणून दाखवलात."

"अहो, तेवढ्यावरून—"

"साहेब, बास झालं," गणराज मध्येच बोलला. "काका म्हनले हुते, वर वजन न्हाई टाकायचं. तुमी त्यांना गेटवर ट्रक उतरवायला धाडलं अन् मला म्हनलात, चढव, न्हाईतर उद्यापासून येऊ नको. काका परत आले, बघितलं, अन् म्हनले, गणराज, मी खालून बघतो, तू एकेक बॉक्स उतरव. मी फोर्कलिफ्ट वळवत हुतो, तवाच..."

निरीक्षकांनी ते लिहून घेतलं.

"आणि मेलेल्या माणसाच्या नावाने त्याच रात्री नोंद झाली," सुमनताई म्हणाल्या. "सहाशे नग. त्यातले तीन रोहिदासांनी आधीच वेगळे काढले होते, वाचता न येणाऱ्या एका माणसासाठी."

शेखर मान खाली घालून बसले होते. निरीक्षकांनी नवा कागद ओढला.

"मृताचा हुद्दा?"

नवनाथांनी अपेक्षाकडे पाहिलं. तिच्या हातात तारेसकट एक गिअर होता.

"स्टोअरकीपर," ती म्हणाली. मग खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "माझे बाबा स्टोअरकीपर होते."