खिडकी मोजायला आलेला मुलगा

आमच्याच ब्लॉकमधल्या मलय मावशीनं, माकचिक झैतूननं, घर विकायला काढलं होतं. तिच्या दाराशी चपला काढायला मी वाकले, आणि त्याच क्षणी तोही वाकला. डोक्यावर डोकं आपटलं.

"सॉरी," तो कपाळ चोळत म्हणाला. "तुम्हीपण घर बघायला?"

"तुम्हीपण?"

मग आम्ही एकमेकांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू भरल्या बसमध्ये एकच सीट रिकामी होती. त्याच्यामागे त्याची मा उभी होती, माझ्यामागे अप्पा. मा दाराची दिशा निरखत होती. अप्पा आतून येणारा पांदानच्या सुवासिक पानांच्या केकचा वास घेत होते.

अप्पांना हे घर हवंच होतं. अम्माच्या आजारपणात आमचं स्वतःचं घर विकलं गेलं, तेव्हापासून आम्ही याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आता मालकाला घर परत हवं होतं. दुसरीकडे शोधायला लागले, तर एजंट फोनवर माझं तमिळ नाव ऐकून हळूच विचारायचे, "घरात स्वयंपाक… फार होतो का?" आणि अप्पा तर म्हणायचे, मी या ब्लॉकच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. खालच्या कॉफीच्या दुकानात रोज सकाळी त्यांची बैठक असते. अप्पा अंकल सेंगना त्यांच्या होक्कियन चिनीत शिव्या देतात, अंकल सेंग अप्पांना तमिळमध्ये, आणि पाकचिक, म्हणजे काका, रोसमान दोघांना मलयमध्ये समजावतात. अम्मा गेल्यापासून अप्पा हसतात ते तेवढाच वेळ.

"घर तुम्हालाच द्यायचं मनात आहे," माकचिक केक पुढे करत अप्पांना म्हणाली.

"पण…" तो मुलगा फोनकडे बघत घुटमळला. "या ब्लॉकमध्ये इंडियन कोटा भरलाय. आमच्या… म्हणजे चिनी कोट्यात जागा आहे."

सगळ्या वंशांनी मिसळून राहावं म्हणून इथल्या सरकारनं प्रत्येक सरकारी ब्लॉकमध्ये प्रत्येक वंशाचा वाटा ठरवलेला. माकचिक मलय, तिच्याकडून आम्ही विकत घेतलं तर इंडियन मालकीचं एक घर वाढणार. ते चालत नाही.

माकचिकनं कपाळाला हात लावला. "अल्ला, तुम्ही इंडियन आहात हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी तुम्हाला चौथ्या मजल्यावाले समजत होते."

अप्पांनी केकचा दुसरा तुकडा घेतला. "थोडक्यात, सगळ्यांशी मिळूनमिसळून राहिलो म्हणून निघा."

मुलाचं नाव क्वेक जुन काई. पुढच्या शनिवारी तो टेप घेऊन पुन्हा हजर. त्या वेळी मी माकचिकला तिची औषधं द्यायला वर आले होते.

"जरा दुसरं टोक धरता?" त्यानं विचारलं. "खिडकी मोजायचीय."

मला राग आला होता. माझ्या अप्पांच्या घराची खिडकी हा मोजणार, आणि टोक मी धरायचं? तरी धरलं. टेप आमच्यामध्ये ताणली गेली, बाहेर पाऊस सुरू झाला, आणि तो आकड्याकडे बघायचं सोडून भलतीकडेच बघत राहिला.

"किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"खिडकी."

"हां… खिडकी." त्याचे कान लाल झाले.

त्यापुढच्या शनिवारी पुन्हा तीच खिडकी. मग पुन्हा. आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. टेपच्या या टोकावरून त्या टोकाला गप्पा जायला लागल्या. तो शाळेत गणित शिकवतो हे कळलं, तेव्हा मी म्हटलं, "बिचारी मुलं."

माकचिक सोफ्यावरून म्हणाली, "ही खिडकी दर आठवड्याला वाढते की काय?"

मग एका दुपारी लिफ्टपाशी त्यानं मला थांबवलं. पावसाचा सपकारा कॉरिडॉरमध्ये येत होता. त्यानं छत्री उघडून माझ्या बाजूला धरली, स्वतः भिजत.

"कयल, एक उपाय सापडलाय. अप्पांना इथून जायला नको."

"बोल."

"नवरा-बायको वेगवेगळ्या वंशांचे असले, तर… अर्जात दोघांपैकी कुणाचाही वंश लावता येतो. म्हणजे तू माझ्या… म्हणजे आपण जर…"

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"हे लग्नाचं विचारतोयस की कोट्याचं?"

"दोन्ही… एकदमच जमतंय म्हणून—"

"गणिताचा मास्तर शोभतोस," मी म्हटलं. "मला रिकाम्या जागेत बसवायचंय तुला. जा, खिडकीशी लग्न कर, तिचं माप तुझ्याकडे आहेच."

लिफ्टचं दार मिटल्यावर मी रडले. खरं सांगायचं तर मला 'हो' म्हणायचं होतं. पण एका हातात अप्पांचं घर आणि दुसऱ्या हातात तो… अशा वेळी म्हटलेलं 'हो' नेमकं कुणाला, हे मलाच आयुष्यभर कळलं नसतं.

पुढचे दोन शनिवार तो फिरकला नाही. अप्पा भांडी खोक्यांत भरू लागले. पूर्वेला कुठेतरी एक घर मिळत होतं, तिथून आमचा ब्लॉक बसनं तासाभरावर. "जाईन की रोज बसनं," ते म्हणायचे, आणि खोकं तसंच अर्धवट सोडून द्यायचे.

तिसऱ्या शनिवारी बेल वाजली. दारात काई, नखशिखांत भिजलेला.

"माकचिकचा फोन आला होता. घर विकलं गेलं."

"कुणाला?"

"कुणालाही असो. आता घर नाही, कोटा नाही. म्हणून आलो." त्यानं श्वास घेतला. "माच्या मनातून ते घर पहिल्याच दिवशी उतरलं होतं. दार चुकीच्या दिशेला म्हणे. आणि पस्तिशीच्या आत, लग्नाशिवाय, एकट्याला सरकारी घर मिळतच नाही."

"मग तू मोजत काय होतास?"

"टेपच्या दुसऱ्या टोकाला तू होतीस." तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "माला सांगितलंय सगळं. ती म्हणाली, तिच्या देवाचा धूर आणि आपल्या देवाचा धूर, दोन्ही एका घरात? मी म्हटलं, डास तरी राहणार नाहीत. हसली ती. थोडीशी. कयल, अप्पा जिथं जातील तिथं मी येईन. बसनं तर बसनं. आता सांग."

माझ्याकडे घर नव्हतं, त्याच्याकडेही नव्हतं. त्याच्या केसांतून पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं, आणि उत्तर इतकं सोपं झालं होतं की मला हसूच आलं.

"हो," मी म्हटलं. "तुला. फक्त तुला."

जिन्यात कुणीतरी नाक ओढलं. माकचिक होती, पदराआड— म्हणजे डोक्यावरच्या रुमालाआड— डोळे पुसत.

"घर विकलंबिकलं काही नाही," ती म्हणाली. "लिफ्टपाशी भांडलात ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं. पोरगा घरावर भाळलाय की पोरीवर, एवढं बघायचं होतं मला. आता सोमवारी अर्ज भरा. चिनी घर म्हणून."

अप्पा आतून आले. हातात अजून कढई होती. "म्हणजे अडुसष्ट वर्षं तमिळ राहून मी आता चिनी?"

"फक्त कागदावर, अंकल," काई घाईघाईनं म्हणाला. मग थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाला, "फक्त कागदावर… अप्पा."

अप्पांनी कढई खाली ठेवली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"उच्चार चुकला," ते म्हणाले. "पुन्हा म्हण."