कडू लागतंय का?

एक्स-रेवाला पहिल्यांदा सिस्टरसमोर बसला, तो तोंडावर मास्क आणि डोक्यावर पारदर्शक टोप चढवून. अशा अवतारात कुणी कुणाच्या प्रेमात पडत नाही, पण त्याला कोण सांगणार!

बर्ड फ्लूचा एक पेशंट आला, पाठोपाठ त्याला सांभाळणाऱ्या दोन नर्स तापाने आडव्या झाल्या. कोंबड्यांचा आजार आता माणसाकडून माणसाला होतोय म्हटल्यावर सगळ्या हॉस्पिटलचं धाबं दणाणलं. त्या वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येकाचा मास्क तपासायचं काम सिस्टरकडे आलं. टोपात कडू औषध फवारायचं. जिभेला चव लागली, की समजायचं मास्कला कुठेतरी फट आहे.

"कडू लागतंय का?"

"छे! गोड लागतंय… तुम्ही फवारलंत म्हणून असेल."

पण त्याच्या मिचमिचणाऱ्या डोळ्यांनी चुगली केली.

"खोटं! दाढीमुळे मास्क बसत नाहीये. काढून टाका ती."

"अहो, मग आई तरी ओळखेल का मला?"

"धडधाकट राहिलात तर नक्की ओळखेल."

दुसऱ्या दिवशी स्वारी गुळगुळीत हनुवटी घेऊन हजर! सिस्टरला हसू आवरेना. मग रोज मशीन ढकलत आत जाताना तो तिच्या दाराशी थांबायचा, काहीतरी चेष्टा करायचा… आणि तो सुखरूप बाहेर येईपर्यंत तिचं कशातच लक्ष लागायचं नाही.

तेवढ्यात आणखी एक नर्स आजारी पडली. आत जायला कुणी उरलं नाही, तेव्हा सिस्टर स्वतःच निघाली.

"तुमचा मास्क कोण तपासणार?" त्याने फवारा हातात घेतला.

टोपात फवारा उडाला आणि तिच्या जिभेवर कडूजहर चव उतरली. तिने मान हलवली. "नाही लागत."

"खोटं." या वेळी तो हसला नाही. "बारीक झालाय तुमचा चेहरा. गालांपाशी मास्क सैल पडतोय."

"इतकं कुणाच्या लक्षात येतं?"

"रोज बघणाऱ्याच्या."

तिचा आवाज चढला. "आत माणसं खोळंबलीत! मी नाही गेले तर कोण जाईल?"

"जा ना. पण लहान मास्क लावून जा. सिस्टर… आत ज्या आजारी नर्सेसच्या छातीचे फोटो काढतो, त्या तिघींनाही मी ओळखतो. तुमचा… मला नाही काढायचा."

तिला भरून आलं. मास्क लावून धड रडताही येत नाही!

"मग कसला काढायचाय?"

"साधा. बाहेर, उन्हात… मास्कशिवाय. चालेल?"

तिने लहान मास्कसाठी हात पुढे केला.

"चालेल. पण त्यात तुम्हीही असायला हवं."