नट आवळला का?

चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी मनसारामची कामं ठरलेली असत. पहाटे तलावातलं जाळं ओढायचं, रोहू-कतला निवडून पेटीत बर्फाबरोबर रचायचे, पेटी मोटारसायकलच्या मागे रबरी ट्यूबने करकचून बांधायची आणि निघण्याआधी मागच्या चाकापाशी उकिडवं बसून ब्रेकचा नट तीन टक ढिला करायचा.

हा नट का ढिला करायचा, हे मासे वाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मागे साठ किलोची पेटी बसली की गाडी दबते, ब्रेकचा दांडा ताणला जातो आणि पाय न लावताही ब्रेक चाकाला धरून बसतो. मग गाडी ओढत नाही, ब्रेकमधला लायनर जळतो, करपट वास सुटतो. म्हणून जाताना ढिला करायचा, आणि रिकाम्या पेटीने घरी आलं की पुन्हा आवळायचा. नट अर्धा फिरला की टक असा आवाज होतो. तीन वेळा टक, की झालं. पान्हाही लागत नाही, बोटांनी जमतं.

मनसारामच्या घरी या कामाची वाटणी होती. सकाळी बापाने ढिला करायचा, परतल्यावर मुलाने आवळायचा. मुलगा प्रफुल, बावीस वर्षांचा, आईसारखा गोल चेहऱ्याचा. उजव्या अंगठ्याचं नख जाळ्याच्या दोरीने लहानपणीच अर्धं गेलेलं. त्याला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

प्रफुल गेला त्या दिवशी मनसाराम बाजारातून उशिरा आला होता. पोटात कावळे ओरडत होते. पेटी उतरवून तो उगाच गाडीपाशी वाकला, चाकात अडकलेलं गवत काढलं. ओसरीत जाळं विणत बसलेल्या प्रफुलने तिथूनच विचारलं, "बाबा, नट आवळला का?"

"हव," मनसाराम म्हणाला.

आवळला नव्हता. जेवून आवळू, असं मनात होतं. जेवला आणि आडवा झाला, तो झोपलाच. मध्येच बायकोचा, गिरजाबाईचा, गुडघा दुखायला लागला, म्हणून प्रफुल गोळ्या आणायला निघाला. "हळू जाजो रे," असं तिने दारातून म्हटल्याचं मनसारामला झोपेत ऐकू आलं होतं.

गावाबाहेर पडायला तलावाची पाळ चढून पलीकडे उतरावं लागतं. उतार मोठा आणि खाली डावीकडे वळण. वळणावर तुडूम आहे, म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं जुनं दगडी तोंड. प्रफुल वळला नाही. सरळ दगडांवर गेला.

पोरगं सुसाट होतं, लोक म्हणाले. आजकालची पोरं ऐकतात कुठं, असंही म्हणाले. कागदावरही तसंच लिहिलं गेलं. मनसारामने मान हलवली. पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही, दुसऱ्या दिवशी उघडवेना, आणि मग उघडायचं राहूनच गेलं.

हे राहून जाणं गिरजाबाईला भोवलं. ती मेलेल्या पोरावर रागावली होती. बापावरच्या, नवऱ्यावरच्या रागापेक्षा आईचा लेकरावरचा असा राग फार वाईट. "मी हळू जाजो म्हटलं होतं. त्यानं माह्यं ऐकलं नाई," एवढंच ती म्हणे. गेल्या वर्षी पितृपक्षात साऱ्या गावाने आपापल्या माणसांसाठी घास ठेवले. तिने प्रफुलसाठी चूलही पेटवली नाही. मनसाराम शेजारी बसून गप्प राहिला. एक वाक्य बोलला असता तर तिला तिचा लेक परत मिळाला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यंदाचा पितृपक्ष जवळ आला आणि मागचा ब्रेक धरायला लागला.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपणच विसरलो. पेटी बांधून, नट ढिला करून तो चहाला आत गेला होता. निघाला तर गाडी रेटेना. पाळीच्या पायथ्याशीच करपट वास आला. चाकाच्या ड्रमला हात लावला तर चटका बसला. नट आवळलेला होता, बरोबर तीन टक. त्याने तो पुन्हा ढिला केला आणि गेला. पुढच्या बाजाराला तसंच झालं. तिसऱ्या वेळी चहा ओसरीत बसूनच प्यायला. अंगणात कोणी फिरकलं नाही. कोंबडीही नाही. तरी पाठ वळली तेवढ्यात आवाज आला. टक... टक... टक.

चामोर्शीत लटारू मेस्त्रीने चाक उतरवलं. ड्रम उघडून लायनरवर बोट फिरवलं, स्प्रिंग ओढून पाहिला.

"भाऊ, गाडीत काईच खराबी नाई," तो म्हणाला. "तुमच्या घरी कोनीतरी आवळून देऊन राह्यलं."

"घरी आमी दोघंच आहोत."

"मग खूण करून पाहा. नटाले चुना लावा. हात लागला तर दिसते."

पुढच्या बाजाराला मनसारामने डबीतला चुना बोटावर घेऊन नटाला ठिपका लावला आणि घरात जाऊन शंभर आकडे मोजले. बाहेर आला तेव्हा नट आवळलेला होता. ठिपका पसरला होता आणि त्या ओल्या चुन्यात अंगठ्याचा ठसा उमटला होता. ठशाच्या वरच्या कडेला नखाची रेघ होती. अर्धीच.

तो तिथेच मातीत बसला. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त लाज वाटली. पोरगं अजून आपलं काम करत होतं. बापाने मागे टाकलेलं काम.

तरी पोट बाजाराला नेतंच. मनसाराम नट पुन्हा ढिला करून गेला, मासे विकले आणि दुपार कलताना परतला. आभाळ भरून आलेलं होतं. धानाच्या बांध्यांत माणूस नव्हतं, वाराही नव्हता. पाळीवर चढून आल्यावर घर समोर दिसत होतं. पण तो थांबला. नट अजून ढिलाच होता, घरी जाऊन आवळायचा होता. त्याने गाडी वळवली आणि तोंड पुन्हा तुडूमाकडच्या उताराकडे केलं. का केलं, हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पोराला काय वाटलं असेल ते एकदा पाहावं, एवढंच मनात होतं.

गाडी सुटली. अर्ध्या उतारावर त्याने पाय दाबला. पेडल रिकामं, थेट खालपर्यंत गेलं. चिखलात पुढचा ब्रेक लावायची सोय नव्हती. तुडूमाचे दगड मोठे होत होते. प्रफुलने असाच पाय दाबला असेल, एकदा, दोनदा, आणि बापाने "हव" म्हटलं होतं हे त्याला आठवलं असेल...

तेवढ्यात पायाखालचं पेडल ताठ झालं. खालून कुणीतरी हाताने दांडा ओढून धरावा तसं. मागचं चाक आवळलं गेलं, चिखलात लांब रेघ ओढत गाडी घसरली आणि पहिल्या दगडाला टेकून थांबली. करपट वास दाटून आला. मागची सीट हळूच दबली.

"बाबा..." आवाज अगदी कानामागून आला, जाळं विणतानाचा, सहज. "नट आवळला का?"

मनसारामने मागे पाहिलं नाही.

"नाई..." तो म्हणाला. "नाई आवळला रे, बापू..."

सीट दबलेलीच राहिली. त्याने गाडी तिथेच स्टँडला लावली आणि चालत घरी आला.

गिरजाबाई तांदूळ निवडत होती. त्याने तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं. नट, जेवण, झोप, तो एक शब्द. ती रडली नाही. सूप बाजूला ठेवलं.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी त्याले उपाशी ठेवलं."

मग ती उठली, चूल पेटवली, भात आणि सुक्या मासळीचं कालवण केलं. पान वाढून दारात ठेवलं. दिवेलागणीची वेळ झाली होती. दाराशी बसून ती हळूच बोलली, "मले वाटे, माह्याच डोक्यात फरक पडला. रोज या वेळेले अंगणात कोनी विचारते, नट आवळला का. आन कोनी हव म्हनते."

"कोन?"

"आवाज तुमचा असते. तुमी तवा तलावावर असता."

बाहेर अंधार उतरत होता. गाडी तर तुडूमापाशी होती, अंगण रिकामं होतं.

"बाबा..." अंगणातून आवाज आला. "नट आवळला का?"

मनसारामने नाही म्हणायला तोंड उघडलं. त्याच्याआधी अंगणातूनच उत्तर आलं. त्याच्याच आवाजात, थकलेलं, भुकेलेलं.

"हव."

मग स्टँड काढल्याचा खटका झाला.

गिरजाबाई अनवाणी धावली. पान लवंडलं. "थांब रे! जाऊ नको! त्यायनं नाई आवळला! खोटं बोलले ते! माह्या लेकरा, तुही काई चूक नाई रे... थांब!"

अंगणात सगळं थांबलं. नंतर, दोघंही ऐकत असताना, स्टँड परत खाली टेकल्याचा आवाज झाला. कुणीतरी उकिडवं बसलं असावं. टक.

बऱ्याच वेळाने पुन्हा, टक.

गिरजाबाई हात जोडून तिसऱ्याची वाट पाहत उभी राहिली. पहाटेपर्यंत उभी होती. तिसरा आलाच नाही.

सकाळी मनसाराम तुडूमावर गेला. नट दोन टक आवळलेला होता. त्याने उरलेला एक आवळायला हात घातला, तर नट जागचा हलेना. अर्ध्या नखाच्या अंगठ्याने कुणीतरी तो घट्ट धरून ठेवला होता. तिसरा टक बापाच्या हाताने होऊ द्यायचा नव्हता.