खाट आणि भिंतीमधली जागा

हे मी कोणाला पटवण्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला खोटं वाटलं, तर मला उलट बरंच वाटेल.

गेल्या वर्षीचा मे महिना. बुद्धपौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. परळमधली आमची चाळ, तिसरा मजला. आणि वेळ रात्रीची नाही. टळटळीत दुपारची.

आमच्या घरात भूतखेत कधीच नव्हतं. माझी आई, कौसल्या, म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होती. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून चाळीतल्या पोरांना विज्ञान शिकवायची. कोणी दाराला लिंबू-मिरची बांधली की म्हणायची, "लिंबू फुकट घालवू नका रे. सरबत करा."

त्या आईला कॅन्सर झाला होता. तो हाडांत उतरला होता. आता फक्त दुखणं आवरायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"मला परत हॉस्पिटलात नेऊ नका. इथेच राहू दे. आणि शेवटी तू समोर अस, मानसी. छताकडे बघत मला जायचं नाहीये."

मी हो म्हटलं.

अशा पेशंटच्या घरच्यांना शिकवायला एका संस्थेकडून प्राची सिस्टर यायच्या. आईपेक्षा त्यांचं लक्ष माझ्याकडे जास्त असायचं. "ताई, तुम्ही जेवलात का? झोपलात का?" औषध कसं द्यायचं, कोरडं पडलेलं तोंड ओल्या कापसाने कसं पुसायचं, सगळं त्यांनी हात धरून शिकवलं.

आणि कूस बदलणं.

आईच्या कमरेखाली कातडी लाल झाली होती. ती फुटली, जखम चिघळली, तर हॉस्पिटलशिवाय इलाज नव्हता. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. आईच्या अंगाखाली, खांद्यापासून मांड्यांपर्यंत, एक आडवी चादर घातलेली असे. दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं. एकीने चादर उचलायची, दुसरीने खांद्याला आणि कमरेला हात देऊन पेशंटला झेलायचं. नाहीतर हाडांतून कळ जायची.

"एकटीने कधी करायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुमची पाठ गेली तर काकूंना कोण बघणार?"

खाट भिंतीला चिकटून होती. त्यांनी ती ओढून पुढे घ्यायला लावली. दुसऱ्या माणसाला उभं राहता येईल एवढी जागा केली.

शेजारच्या यशोदाकाकू दारातून बघत होत्या. त्या कुडाळकडच्या.

"गो मानसी, खाटीमागे अशी रिकामी जागा ठेव नको. रिकामी जागा दिसली काय कोण तरी येता."

आई डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "येऊ दे की. येईल तिच्याकडून जागेची पागडी घेऊ."

आम्ही सगळ्याच हसलो. सिस्टरसुद्धा.

सकाळ-संध्याकाळ माझा भाऊ, अजितदादा, मदतीला असायचा. दुपारी यशोदाकाकू यायच्या. पण मे महिना होता. एकेक करून सगळा मजला गावी गेला. शेवटी काकूही गेल्या. दारांना कुलपं लागली. गॅलरीत पाय वाजेना. नळाचं पाणी टपटपायचं, तेवढाच आवाज.

काकू गेल्या त्याच दुपारी आईची कूस बदलायची वेळ झाली. दादा वडाळ्याला, ड्युटीवर.

मी एकटीच चादरीवर वाकले. पलीकडच्या काठापर्यंत हात पोचत नव्हता. आई ओठ दाबून वाट बघत होती, कळेची.

"आई, एक… दोन…"

तीन म्हणायच्या आधीच चादर उचलली गेली.

पलीकडून.

आई अलगद माझ्या हातांत आली. तिला कळ आली नाही. ती नुसती "हं" म्हणाली.

मी पलीकडे बघितलं. भिंत. खाट. मधली जागा… रिकामी.

मी स्वतःची समजूत घातली. रात्र-रात्र जागरण. आई किती हलकी झाली होती. मीच ओढली असेन.

दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या टोकाला कपडे वाळत घालून परत आले. आईला मी उताणी ठेवून गेले होते.

ती कुशीवर होती. तोंड भिंतीकडे. पाठीमागे उशी. गुडघ्यांमध्ये घडी घातलेली ओढणी.

"आई, कोण आलं होतं?"

"तूच ना ठेवलीयेस तिला?"

"कोणाला?"

"दुपारची येते ती. बोलत नाही. हात मऊ आहेत पण."

तिला मॉर्फिन चालू होतं. त्याने भास होतात, हे मी वाचलं होतं. पण उशी भासाने सरकत नाही.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तूच केलं असशील आणि विसरली असशील. झोप जरा." त्याचंही बरोबर होतं. मीही त्याला हेच म्हणाले असते.

मंगळवारी सिस्टरांना यायला जमलं नाही. दुपारी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. मी फोन आईच्या पाठीवर धरला.

"अरे वा! लाली बरीच उतरलीये की. ताई, छान करताय तुम्ही दोघी."

दोघी…

मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "पलीकडच्या मावशींना फक्त सांगा, हात काखेत घालू नका. खांद्याखाली घ्या. काकूंना लागेल."

मी फोनच्या कडेने बघितलं. खाटीच्या पलीकडे कोणी नव्हतं.

पण आईचा खांदा हलला. किंचित वर झाला… आणि नीट, सावकाश खाली टेकला.

"हां, अस्संच," सिस्टर म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने परत त्यांना फोन लावला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, त्या मावशी तुम्हाला कशा दिसल्या?

"चेहरा नाही आला हो फोनमध्ये. हातच दिसले. का? सवयीचे वाटले हात. त्यांनी आधी कोणाचं केलंय का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

खाट परत भिंतीला लावावी, असं त्या संध्याकाळी शंभरदा मनात आलं. लावली नाही. कातडीची लाली उतरत होती. हॉस्पिटलचं नाव निघत नव्हतं. आई घरी होती. ती घरीच राहणार होती. मी दुसरं काही बघितलं नाही.

मात्र त्यानंतर एक गोष्ट बदलली.

आई माझ्या बाजूला टिकेना. मी तिला माझ्याकडे वळवून ठेवायचे. पाणी आणायला आत गेले की परत तोंड भिंतीकडे. ती त्या जागेकडे बघत राहायची. कधी हसायची. एकदा शाळेतल्यासारखं काहीतरी समजावून सांगत होती. हळू, मुद्दा मुद्दा करून. मला ऐकू आलं नाही. माझ्यासाठी ते नव्हतंच.

"आई, इकडे बघ ना."

"थांब गं," ती म्हणाली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तो शुक्रवार होता. जेवणाची वेळ टळून गेली होती. आईचा श्वास बदलला. मध्येच थांबायचा… बराच वेळ… मग परत सुरू व्हायचा. मी सिस्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"वेळ आलीये, ताई," त्या म्हणाल्या. "दादांना बोलवून घ्या. काही करत बसू नका. समोर बसा, हात धरा. त्यांना तुम्ही दिसायला हव्यात."

आईचं तोंड भिंतीकडे होतं.

दादाला मेसेज टाकला. मग चादर धरली आणि आईला माझ्याकडे वळवायला लागले.

चादर हलेना.

कुठे अडकली नव्हती. पलीकडून कोणीतरी धरून ठेवली होती. मी ओढली की तेवढीच ताणली जायची. जोर केला असता तर आईला लागलं असतं.

"सोडा," मी म्हटलं. "माझी आई आहे ती."

चादर तशीच ताणलेली राहिली.

मग मी पायथ्याकडून त्या जागेत शिरले. अंग चोरत, भिंतीला घासत. भिंत गरम होती, दिवसभर कोणी पाठ टेकून उभं असावं तशी. कोणाचा धक्का लागला नाही. आई माझ्या समोर आली. मी खाली वाकले. तिचे डोळे अर्धवट उघडे होते. ते माझ्याकडे वळायला लागले…

माझ्या बोटांखालून चादर निसटली.

आता ती खोलीच्या बाजूने ओढली जात होती. जिथे इतके दिवस मी उभी राहत होते, तिथून. सावकाश. शिकवल्याप्रमाणे. आई उताणी झाली… मग पलीकडच्या कुशीवर गेली.

माझ्यासमोर तिची पाठ राहिली. स्वच्छ, कोरडी, कुठेही जखम नसलेली.

खोलीत कोणीही नव्हतं. फोनमधून सिस्टर विचारत होत्या, "ताई? आहात ना समोर?"

खाटीला वळसा घालून मी पलीकडे पोचले, तेव्हा श्वास थांबला होता.

आईचे डोळे बंद होते. आपोआप मिटल्यासारखे नाही. कोणीतरी मिटवल्यासारखे. ओठ ओले होते, नुकतेच पुसलेले.

आई गेल्यानंतरच्या जलदान विधीला प्राची सिस्टर आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "घरीच गेल्या, त्यांच्या मनासारखं झालं." त्या मावशींची चौकशी केली. मी म्हटलं, त्या आता येत नाहीत. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली.

ती कोण होती, मला माहीत नाही. कोणी जुनी भाडेकरू, जिने याच खोलीत कोणाचं तरी केलं असेल? काकू असंच म्हणतात. मी म्हणत नाही. जे माहीत नाही ते सांगू नये, हे मला आईनेच शिकवलं.

तिने माझ्या आईला हॉस्पिटलपासून वाचवलं. तेही खरं. आणि आईने मरताना जो चेहरा बघितला, तो माझा नव्हता.

आईसाठी रजा काढून दुपारी घरी बसायची गरज मला आता नाही. तरी मी अधूनमधून बसते. मला तिची भीती वाटते. पण तिला एक विचारायचं आहे. डोळे मिटवण्याआधी आईच्या डोळ्यांत काय होतं, ते.

अजून तरी खोलीत कोणी आलेलं नाही.