दोन डॅश आणि एक डॉलर

आमच्या ऑफिसात पाऊस एसीतून पडायचा. त्या दिवशी नेमका नव्या मुलाच्या टेबलावर पडला. लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून तो माझ्यापाशी आला. “इथे कोरडं आहे का?”

“कामापुरतं.”

तो बसला. ओळखपाळख व्हायच्या आधीच माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, “तुम्ही नावाआधी दोन डॅश देता?” जणू मी चहात मीठ घालत होते.

काम दोघांचं एकच, वेबसाइटचे रंग. त्याच्या पद्धतीत रंगाच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह. पान तयार होतानाच नावाच्या जागी खरा रंग बसतो आणि नाव गायब. एकदा ठरलं की ठरलं. माझ्या पद्धतीत दोन डॅश. नाव पानावर शेवटपर्यंत जिवंत राहतं, वाचणाऱ्याने ‘रात्र’ बटण दाबलं की रंग तिथल्या तिथे बदलतो. शिवाय नावाचा रंग सापडलाच नाही, तर स्वल्पविराम देऊन पुढे लिहिलेला पर्यायी रंग लागतो. हे सगळं मी त्याला पुन्हा पुन्हा समजावलं. त्याला एका वेळी कळायचं नाही… असं तो म्हणायचा.

ऑफिसने त्याचं नाव डॉलर ठेवलं, माझं डॅश. आईने विचारलं, हा डॉलर परदेशातला का? मी म्हटलं, शेजारच्या खुर्चीतला. एसी केव्हाच दुरुस्त झाला होता. तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

मग मॅडमनी जाहीर केलं की एकच पद्धत राहील. ज्याची जाईल त्याने वरच्या मजल्यावर जाऊन पार्किंगचं सॉफ्टवेअर बघायचं.

बैठकीत मी ‘रात्र’ बटण दाबलं. माझं पान काळं झालं. त्याचं पांढरंच राहिलं, विनोद न कळलेल्या माणसासारखं. मी जिंकले. तो चार्जरची वायर गुंडाळायला लागला, आणि मला एकदम गार वाटलं. मी एसीकडे पाहिलं. तो बंद होता.

“मॅडम, माझ्या पद्धतीत एक अडचण आहे.”

स्क्रीन किती अरुंद झाली की पानाची मांडणी बदलायची, ती अट लिहिताना दोन डॅशचं नाव चालतच नाही. तिथे डॉलरच लागतो. मॅडमनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, दोन्ही ठेवा आणि बाहेर जा.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी त्याने विचारलं, “हे सांगायची काय गरज होती तुला?” पहिल्यांदाच ‘तुला’.

“माहितीसाठी.”

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“— — मला तू आवडतेस.”

आधी दोन डॅश. डॉलरच्या तोंडून.

“हे आत्ता ठरलं?”

“पहिल्याच दिवशी. आता बदलत नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

त्याने कप मशीनखाली धरला. “स्वल्पविराम, कॉफी.”

म्हणजे सगळं कळलं होतं याला. पहिल्याच वेळी.

मी हो म्हटलं, आणि माझी कॉफी गेली.