गिरणीवाल्याच्या लेकीला काळं कुणी फासलं?

"बर्ट गॉसला आज पोलिसात दिलं नाही, तर मी नावाची रोझमंड ली नाही!"

ऑटरकोम्बच्या पबमध्ये पाऊल टाकताच सिरिल ट्विगच्या कानावर हे पडलं. डॉर्सेटमधल्या गावोगावच्या जुन्या पबांवर त्याला पुस्तक लिहायचं होतं. मिस हेस्टर व्हेल खासगी तपासाच्या कामातून आठ दिवस सुटी काढून त्याच्यासोबत भटकायला आली होती. पण वही उघडून उभ्या असलेल्या सिरिलकडे मालकिणीने ढुंकूनही पाहिलं नाही.

"तुम्ही त्या पेपरातल्या व्हेलबाई ना?"

सिरिलच्या पोटात नेहमीसारखं दुखलं. प्रत्येक गावात हेच!

पबचं नाव होतं ‘गिरणीवाल्याची लेक’. बाहेरच्या खांबावर टांगायची भलीमोठी पाटी आत टेबलावर आणून ठेवली होती. एका बाजूला पाठमोरी मुलगी नदीकडे निघालेली. हेस्टरने पाटी उलटवली. या बाजूला तीच मुलगी समोरून, पण चेहऱ्याच्या जागी नुसते काळे फराटे.

"हसरा चेहरा होता. माझाच," रोझमंड म्हणाली. पन्नाशीची, ताठ मानेची बाई. "एकोणीस वर्षांची होते मी. समोर राहणाऱ्या लायनेल क्रेलने काढलं होतं. काल दुपारी सगळं गाव क्रिकेटच्या मैदानावर होतं. पाचला येऊन बघते तर हे! बर्टचंच काम. त्याच्या पबात माश्या मारतात, म्हणून जळतो माझ्यावर."

हेस्टरने काळ्या रंगावर बोट टेकवलं. अजून चिकट होता. तिने बोट सिरिलच्या नाकाखाली धरलं.

"जवसाचं तेल," सिरिल म्हणाला.

"पाटी कायम टांगलेलीच असते?"

"वादळात बिजागरी तुटली होती. सोमवारी एनॉक लोहाराने नवी घालून टांगली."

बर्ट गॉस स्वतःच्या ‘नांगर’ पबच्या मागे, नदीकाठी, होडीला डांबर लावत होता. त्या उग्र वासाने सिरिलने रुमाल काढला.

"जळतो मी तिच्यावर, नाही कुठे म्हणतोय?" बर्ट म्हणाला. "पण बाई, काळं फासायचंच असतं तर पुलाकडची बाजू फासली असती ना! गिऱ्हाईक येतं पुलावरून. सोमवारपासून पुलाकडे नुसती पोरीची पाठ आहे. तीस वर्षं तिकडे चेहरा होता. एनॉकने उलटी टांगली बहुतेक."

एनॉक ‘नांगर’च्याच बाकावर बियर पीत बसला होता. तो उखडला. "उलटी? हे हात काय आज कामाला लागलेत? सांगितली तशी टांगली!"

"खरं बोलतोय असं वाटत नाही," परतताना सिरिल कुजबुजला.

"मला वाटतं," हेस्टर म्हणाली, आणि पबसमोरच्या कॉटेजचं फाटक तिने ढकललं.

लायनेलच्या बायकोची, ईडिथची, बाग रांगोळी काढल्यासारखी नेटकी होती. फक्त घेवड्याच्या ओळीत, कडेच्या एका वेलाची काठी नव्हती आणि वेल फुलांसकट मातीत लोळत होता.

आत लायनेल क्रेल चाकाच्या खुर्चीत बसला होता, विझलेल्या शेकोटीपाशी. जुलै महिना. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्याची वाचा आणि एक अंग गेलं होतं. मान मात्र पुन्हापुन्हा खिडकीकडे वळत होती.

"इथेच बसतात नेहमी?" हेस्टरने विचारलं.

"हो. उबेला बरं पडतं," ईडिथ म्हणाली. तिने चहा ओतला. "पाटीचं ऐकलं मी. कोण करतं अशी कामं, देव जाणे."

सिरिल खिडकीपाशी गेला. बाहेर पबचा खांब अगदी समोर होता. गालिच्यावर चाकांच्या दोन खोल खुणा होत्या. त्यांत त्याचा बूट अडखळला, पण त्याला त्यात काही विशेष दिसलं नाही.

दोन वाजता पब बंद झाला. शेजारीण लायनेलजवळ बसली आणि हेस्टर ईडिथला घेऊन आली. आत चौघंच होते.

"बर्ट नाही," हेस्टर म्हणाली. "त्याच्याजवळ डांबर आहे. हा जवसाच्या तेलातला, चित्रकाराचा रंग. खांब उंच, शिडी आणून लावायची तर वेळ जातो, मैदानावरून कुणी परतलं तर बघेल. लांब काठीला ब्रश बांधला की मिनिटाचं काम. मिसेस क्रेल, तुमच्या घेवड्याची काठी कुठे आहे?"

ईडिथने खुर्ची पाटीपासून मागे सरकवली.

"धंद्यावरची जळजळ असती तर गिऱ्हाइकाला दिसणारी बाजू काळी झाली असती. पण ज्या बाजूला तुमची खिडकी, तीच काळी झाली. तीस वर्षं तुमच्याकडे तिची पाठ होती. सोमवारी तोंड वळलं. गालिच्यावरच्या खुणा सांगतात की खुर्ची परवापर्यंत खिडकीतच होती. विझलेल्या शेकोटीला कसली आली ऊब?"

"दोन वर्षं," ईडिथ हळूच म्हणाली. "भरवते, पुसते, कुशीवर वळवते. एकदा हसला नाही माझ्याकडे बघून. सोमवारी सकाळी खिडकीकडे बघून हसला. मंगळवारी हसला. खुर्ची हलवली, तर मान वळवून बघायला लागला!"

सिरिलने खाली पाहिलं. दुसऱ्याकडे वळलेली नजर काय करते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

रोझमंडचे डोळे चमकले. "हसला? खरंच?"

"तुम्हाला आनंद व्हायचाच," हेस्टर तिच्याकडे वळली. "एनॉक चुकला नाही. ‘सांगितली तशी टांगली’, म्हणाला तो. पाटी तुमची. सांगणार दुसरं कोण? उलटी टांगल्याचं तुम्ही माझ्यापाशी बोललाही नाहीत."

रोझमंडचा चेहरा उतरला. मग ती फटकन म्हणाली, "हो, मीच सांगितलं! तीस वर्षं समोरच्या दारातून दोघांना हातात हात घालून जाताना पाहिलंय मी. चेहरा माझा काढला आणि लग्न हिच्याशी केलं. उरलेल्या दिवसांत त्याने एकदा माझ्याकडे बघावं, एवढंही मागायचं नाही?"

पोलिसाचं नाव आता रोझमंडही काढणार नव्हती.

ईडिथ उठली. पाटीकडे बघत राहिली, मग रोझमंडकडे.

"बघायचंय ना त्याने? मग समोर ये. पण ती एकोणीस वर्षांची पोरगी नको पाठवूस. तू ये. आत्ताची. माझ्याइतकीच म्हातारी. बघू दे त्याला."

सिरिलला वाटलं, आता रोझमंड ईडिथच्या झिंज्या धरणार. पण रोझमंडने एप्रन सोडला. बाटल्यांमागच्या आरशात डोकावून दोन्ही हातांनी केस चापून बसवले, पुन्हा बसवले.

"केस ठीक आहेत," दारात थांबलेली ईडिथ कोरडेपणाने म्हणाली. "चल. त्याच्या औषधाची वेळ झालीय."