पहिला पेला झाडाला

क्षारसरला आलेला पाहुणा तीन जागा बघितल्याशिवाय परतत नसे: तळ्याकाठचं पक्ष्यांचं रान, वाळूच्या टेकड्या आणि तृषावन. त्यातलं खरं नवल तृषावनाचं! भर वाळवंटातलं जंगल, तेही प्रयोगशाळेत घडवलेल्या शीघ्रमूळ वृक्षांचं. पाण्याचा माग लागला की त्यांची मुळं मिनिटाला वीतभर सरकत. फाटकातून आत शिरणाऱ्याने आपल्या बाटलीतला पहिला पेला झाडाला घालायचा, हा तिथला रिवाज. तो पाडला नाना देवस्थळींनी. भूगोलाचे निवृत्त मास्तर, आता हौसेने वाटाडे झालेले. अकरा वर्षं पेले चालले होते. तळं आटू लागलं तसा तीन दिवसांपूर्वी उद्यानप्रमुख गुणवंत सोनटक्के यांनी रिवाज बंद केला.

त्या दुपारी नानांची मुलगी, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शर्वरी, भूकर्णयंत्रासमोर बसली होती; शेजारी सोनटक्के चहा घेत होते. जमिनीतली थरथर टिपून हे यंत्र मुळांची हालचाल पडद्यावर दाखवी.

"सर, मुळं पायवाटेखाली गोळा होताहेत."

"पाण्यासाठी?"

"तिथे थेंब नाही. पावलांसाठी. अकरा वर्षं पाऊल वाजलं की पाणी मिळालं. झाडं ते शिकली."

"झाडं शिकतात? काहीतरीच तुमचं!"

"लाजाळूचं रोप पुन्हा पुन्हा हलवलं तर ते पानं मिटणं सोडतं. तेही शिकणंच. आता पावलं येतात, पण कुणी पाणी घालत नाही. मग ही मुळं पावलांजवळ पाणी शोधत जाणार. आणि माणसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, सर."

सोनटक्क्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "वन रिकामं करा. आत कोण आहे?"

"पाहुणे नाहीत." शर्वरीने फोन हातात घेतला. "नाना आहेत. पेला बंद असल्याच्या पाट्या लावायला गेलेत."

तिने फोन लावला. "नाना, जागचे हलू नका! पाऊल टाकाल तिथे मुळं येतील. उडता पाळणा पाठवते, वीस मिनिटांत उचलून घेईल."

"बरं बाई. नववीच्या पोरांना उभं करायचो तसा उभा राहतो," नाना हसले.

पडद्यावरची मुळं थबकली. शर्वरीला हायसं वाटलं.

आठव्या मिनिटाला ती पुन्हा सरकू लागली. चारी बाजूंनी, एकाच बिंदूकडे.

"नाना, चालताय का?"

"छे गं! बोटसुद्धा हलवलं नाही."

तिने यंत्राचा आवाज वाढवला. वन शांत होतं आणि त्या शांततेत एकच ठोका येत होता. धप्‌-धप्‌. धप्‌-धप्‌.

"हे काय?" सोनटक्क्यांनी विचारलं.

"नानांचं हृदय." तिला रडूच फुटलं. "पावलांच्या आवाजात ते बुडून जात होतं. मीच त्यांना उभं केलं, सर! चालणारा माणूस मुळांना केव्हाच मागे टाकतो. उभा राहिलेला एकाच जागी वाजत राहतो."

आता ठोका भरभर पडत होता. नाना घाबरले होते, आणि मुळांचाही वेग वाढला होता.

"नाना, पळा! फाटकाकडे पळा, थांबू नका!"

पलीकडे मुळांची सळसळ ऐकू आली.

"अगं, मघाशीच सांगायचं ना," नाना हळूच म्हणाले. "आता पाय सुटत नाहीयेत."